अम्मांना वर पाठवा

माझ्या नवऱ्याला जर्मनीला जायचं होतं ते यंत्रं शिकायला, असा कारखान्यातल्या सगळ्यांचा समज होता. खरं म्हणजे त्यांना तिकडे जाऊन दाढ काढून घ्यायची होती.

हे वेड घरात आणलं श्रीकांत दामल्यांनी. दामले आमच्यासारखेच पुण्याचे, आणि बंगलोरच्या त्याच सरकारी कारखान्यात ह्यांच्याबरोबर इंजिनियर. पहिल्या तुकडीतून ते जर्मनीला जाऊन आले आणि एका रविवारी मल्लेश्वरमला आमच्याकडे चहाला आले. तिथले रस्ते, पूल, कारखाने यांवर दोन वाक्यं बोलून झाल्यावर ते जे विम्यावर घसरले ते चहा निवला तरी थांबेनात. तिथली कंपनी म्हणे शिकायला आलेल्या प्रत्येक माणसाचा आजारपणाचा विमा उतरवते. दात दुखला, दाखवा कार्ड. डोळे चुरचुरले, दाखवा कार्ड, घ्या नवा चष्मा. दामल्यांची पाठ दुखत होती तर त्यांना तीन आठवडे कुठल्याशा गरम पाण्याच्या झऱ्यावर राहायला पाठवलं होतं, तेही पगार चालू ठेवून.

"आणि बायको?" ह्यांनी विचारलं.

"बायकोला सहा महिन्यांनी बोलावता येतं. तीही त्याच विम्यात बसते."

ह्यांनी माझ्याकडे इतक्या प्रेमाने पाहिलं की मी गडबडून बिस्किटांची बशीच पुढे केली. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि असं पाहण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती.

त्या दिवसापासून आमचे हे, म्हणजे रत्नाकर, आजार साठवू लागले. उन्हाळ्यात बायका वर्षाचे गहू भरून ठेवतात ना, तसे. दाढ किडली होती, ती ठेवली. चष्म्याचा नंबर वाढला होता, तो ठेवला. पायाच्या अंगठ्याचं नख आत वाढत होतं, तेही ठेवलं. एक दुखणं असं होतं की त्याचं नाव ते माझ्यासमोरसुद्धा घेत नसत, नुसते उशी घेऊन खुर्चीत बसत. ते तर त्यांनी फार जपून ठेवलं. "दाखवून या की कुणाला तरी," असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं. "तिकडे गेल्यावर दाखवू."

यात माझी एक वस्तू होती. उजव्या बरगडीखाली मला दुखायचं. जरा तळलेलं खाल्लं की कळ उठायची, ती थेट खांद्यापर्यंत चढायची, आणि उलटी झाल्याशिवाय उतरायची नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा हे घाबरले, लिंबूपाणी करून आणलं. दामले येऊन गेल्यावर मात्र त्यांचा चेहरा उजळला.

"हे बघ कल्पना, हे तर तिकडे दाखवायचंच. इथले डॉक्टर काय, ओव्याचा अर्क देतील. तिकडे आतून फोटो काढतात."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत भजी खाऊ नकोस."

वर्षभर मी भजी खाल्ली नाहीत. कळा येतच राहिल्या.

आम्ही हयवदनरावांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खाली ते, त्यांच्या पत्नी वसुमतीअक्का आणि बारा वर्षांची मुलगी नयना. माणसं मराठीच, पण तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेली. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मुरलं होतं की ते वेगळं काढता येत नसे. वसुमतीअक्का "स्वल्प थांबा", "सरी सरी, येवा" असं बोलायच्या, आणि ते कानाला गोड लागायचं. मला म्हणजे. ह्यांना नाही. पुण्याबाहेरचं मराठी दुरुस्त करायची जबाबदारी आपल्यावर आहे असं ह्यांना मनापासून वाटतं. "वसुमतीबाई, 'स्वल्प थांबा' नव्हे, 'जरा थांबा'," असं ते जिन्यातून जाता जाता सांगायचे. त्या हसून "सरी अण्णा", म्हणजे बरं अण्णा, म्हणायच्या. मग हे 'सरी'वर बोलायचे.

एकसष्ट साली दुसरी तुकडी निघाली आणि त्यात ह्यांचं नाव लागलं. आनंदाला एकच गालबोट होतं. विमा उतरवण्याआधी त्या कंपनीला डॉक्टरचा दाखला हवा होता की माणूस ठणठणीत आहे. मागाहून येणाऱ्या बायकोचाही दाखला आत्ताच हवा. आधीपासूनचा आजार विम्यात चालत नाही म्हणे. म्हणजे विम्याला हवा होता निरोगी माणूस, आणि आमच्या घरात जे दोघं होते ते दुखऱ्या वस्तूंची कपाटं झालेले.

"तपासणीच्या दिवशी काही बोलायचं नाही," ह्यांनी मला समज दिली. "कुठे दुखतं का विचारलं तर नाही म्हणायचं. तिकडे पोचलं की मग दुखू दे."

"मी पोटाला सांगून ठेवते," मी म्हटलं. ह्यांना तो होकार वाटला.

कंपनीने बंगलोरमध्ये तपासणीसाठी नेमलेला डॉक्टर निघाला डॉक्टर त्रिविक्रम, म्हणजे आमच्या हयवदनरावांचा चुलतभाऊ. हे कळल्यावर ह्यांनी खालच्या मजल्याशी एकदम घरोबा वाढवला. 'स्वल्प'ची दुरुस्ती बंद झाली. बोलता बोलता हयवदनरावांकडून कळलं की त्रिविक्रम लहानपणी आईवेगळा झाला आणि हयवदनरावांच्याच आईने, कृष्णाबाईंनी, त्याला वाढवलं. त्या असत म्हैसूरला थोरल्या मुलाकडे. सगळे त्यांना अम्मा म्हणत.

"अम्माचा शब्द म्हणजे त्रिविक्रमाला वेदवाक्य," हयवदनराव म्हणाले. "ती बस म्हणाली की बसतो, आजही."

"कधी येतात का इकडे अम्मा?" ह्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"येईल की. दसऱ्यानंतर येते म्हणालीय."

दसरा झाला. तपासणीला आठवडा राहिला. एक दिवस दुपारी मी दळण आणायला निघाले, तर वसुमतीअक्का पायऱ्यांशी उभ्या होत्या. चेहरा ओढलेला, केस मोकळे. दाराच्या चौकटीला कडुलिंबाचा डहाळा बांधलेला.

"अक्का, स्वल्प दिवस खाली येऊ नका हं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आमच्याकडे अम्मा आल्यात."

मी "हो का, बरं बरं" म्हटलं. सासू आली की सुनेचा चेहरा असा ओढतो हे मला अनुभवाने माहीत होतं. येऊ नका म्हणतात म्हणजे सोवळंओवळं कडक असणार. डहाळ्याचं जरा नवल वाटलं, पण इकडच्या लोकांचे सण आम्हाला कुठे सगळे कळत होते! संध्याकाळी मी ही बातमी ह्यांना सांगितली. ती मी सांगितली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं, असं हे अजून म्हणतात. म्हणोत.

ह्यांनी बूटसुद्धा काढले नाहीत. तसेच मार्केटात गेले आणि सफरचंदं, मोसंबी, नारळ आणि मोगऱ्याचा गजरा घेऊन आले. सात वर्षांत माझ्यासाठी मोसंबं आलं नव्हतं ते अम्मांसाठी डझनभर आलं. मग धूतवस्त्र नेसून, कपाळाला गंध लावून, मला मागे घेऊन खाली उतरले. हयवदनराव अजून कचेरीतून आले नव्हते.

वसुमतीअक्कांनी दार किलकिलं केलं. ह्यांचा तो अवतार पाहून त्या थक्क झाल्या.

"अम्मांच्या दर्शनाला आलोय," हे म्हणाले.

"तुम्ही?" त्यांचे डोळे भरून आले. "पुण्याचे लोक मानत नाहीत म्हणून ऐकलं होतं मी."

"असं कसं? मोठ्यांना मानायचं नाही तर कुणाला?"

"खरं आहे हो. तिच्याहून मोठी कोण?" असं म्हणून त्यांनी आम्हाला आत घेतलं.

खोलीत अंधार होता. खिडक्यांना जुनी लुगडी लावलेली. कोपऱ्यात एक समई मंद तेवत होती. चटईवर कडुलिंबाचा पाला पसरून त्यावर कुणीतरी भिंतीकडे तोंड करून झोपलं होतं, डोक्यापर्यंत पांढरं पातळ पांघरून. फक्त पावलं तेवढी बाहेर. मी दारातच थांबले, कारण नेमकी तेव्हाच मला कळ आली होती आणि चौकट धरल्याशिवाय उभं राहवत नव्हतं.

ह्यांनी फळं उशाशी ठेवली, गजरा ठेवला, आणि त्या पावलांवर डोकं टेकलं. चांगलं टेकलं, घाईने नाही. पावलं एकदम आखडली.

"अम्मा संकोचल्या," हे माझ्याकडे वळून कौतुकाने कुजबुजले. मग मोठ्याने म्हणाले, "अम्मा, आशीर्वाद असू द्या. परदेशी जायचंय. सगळं आता तुमच्या हातात."

पांघरुणातून एक हुंकार आला.

"झोप नाही हो तिला," वसुमतीअक्का म्हणाल्या. "फार आग होते अंगाची. अम्मा शांतपणे आल्या तशा शांतपणे निघून जाऊ देत, एवढंच मागते मी."

ह्यांना ते सासूबद्दलचं बोलणं जरा जहाल वाटलं असावं. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "छे छे, एवढ्यात जायच्या गोष्टी कशाला? राहू देत की चांगल्या महिनाभर!"

वसुमतीअक्कांचा हात तोंडाशी गेला. "अय्यो! असं म्हणू नये, अण्णा!"

"का नको? तुमची दगदग होत असेल तर असं करा. दोन दिवस अम्मांना वर पाठवा, आमच्याकडे. हिला काही कामं नसतात. आमच्याही घराला पाय लागू देत त्यांचे."

माझ्या डोळ्यांसमोर ती बाई अजून उभी आहे. पांढरीफटक. दोन्ही हात जोडून ती त्या पांघरुणाकडे वळली आणि कानडीत भराभरा काहीतरी पुटपुटली. आता कळतं की ती क्षमा मागत होती, आमच्या वतीने. मग माझ्याकडे पाहिलं, मी चौकट धरून वाकलेली, घामाने डबडबलेली.

"अक्का, तुम्हाला काय होतंय? पोट दुखतंय?"

"हिला? हिला काही होत नाही," हे घाईने म्हणाले. डॉक्टरांची भावजय होती ना ती. "अगदी ठणठणीत आहे ती."

वर आल्यावर हे खुशीत होते. "लहानखुऱ्या आहेत अम्मा," म्हणाले. "पावलं बघितलीस? मुलीसारखी. पण तेज आहे." मी मोरीत उलटी करत होते, त्यामुळे तेजाबद्दल मला काही बोलता आलं नाही.

आठवड्याने तपासणी झाली. डॉक्टर त्रिविक्रम घाईतला, कमी बोलणारा माणूस. ह्यांनी दाढ न दाखवता तोंड उघडून दाखवलं, नख बुटात ठेवलं, आणि लाकडी खुर्चीवर अर्धा तास उशीशिवाय बसून राहिले. हे शौर्य मी मान्य करते. जाता जाता त्यांनी "अम्मांची प्रकृती कशी आहे?" असं विचारून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "बरी आहे, म्हैसूरचं पत्र होतं कालच." हे माझ्याकडे पाहून हसले; म्हातारी दोनच दिवसांत परत गेली वाटतं, असा त्याचा अर्थ.

मग माझी पाळी. डॉक्टरांनी जीभ पाहिली, नाडी पाहिली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "कुठे दुखतं का?"

खोलीत हे होते. ते खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांची मान माझं उत्तर ऐकायला ताठ झाली होती. वर्षभरात पहिल्यांदा मला कुणा डॉक्टरने हा प्रश्न विचारला होता, आणि मला त्या क्षणी दुखत होतं.

"नाही," मी म्हटलं.

घरी येताना ह्यांनी मला कॉफी पाजली. "शाबास" म्हणाले. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो मी कॉफीबरोबर गिळला.

निघायच्या दोन दिवस आधी इथल्या मराठी मंडळींनी ह्यांचा निरोपसमारंभ ठेवला. अध्यक्ष अप्पासाहेब. त्यांना जर्मनीबद्दल काही ठाऊक नव्हतं आणि यंत्रांबद्दल त्याहून कमी, म्हणून त्यांनी शिवाजी महाराजांवर भाषण केलं. ह्यांना सकाळपासून कणकण होती. दाखल्याच्या माणसाला ताप येत नाही, असं म्हणून ते तसेच कोट चढवून बसले होते. शाल झाली, नारळ झाला, झेंडूचा भला मोठा हार झाला. उत्तरादाखल ह्यांनी तिथेही शुद्ध मराठीचा विषय काढला. परप्रांतात राहून आपण आपली भाषा बिघडू देता कामा नये, शब्दाचा अर्थ नीट जाणून मगच तो वापरावा, असं सांगत ते मानेला खाजवत होते. मग दंडाला. मग पोटाला.

पहिल्या ओळीत वसुमतीअक्का बसल्या होत्या. बऱ्या झालेल्या नयनाला मांडीशी घेऊन. त्या एकदम उठून उभ्या राहिल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "अण्णा, अम्मा आल्या!"

ह्यांचं भाषण थांबलं. चेहरा खुलला. "कुठे?" म्हणत त्यांनी मान उंच करून दाराकडे पाहिलं. "या या, अम्मांना पुढे बसायला जागा द्या!"

"तिकडे नाही हो," वसुमतीअक्का म्हणाल्या. "तुमच्या अंगावर."

हार काढला तेव्हा सगळ्यांना दिसलं. गळ्यावर, छातीवर पाणी भरलेले टपोरे फोड. अप्पासाहेब वयाला न शोभणाऱ्या चपळाईने व्यासपीठावरून उतरले. सभागृह रिकामं व्हायला शिवाजी महाराजांच्या एका वाक्याएवढाही वेळ लागला नाही.

"पुण्यात काय म्हणता तुम्ही? कांजिण्या," हयवदनराव नंतर जिन्यात उभं राहून समजावत होते. "आमच्यात त्या रोगाचं नाव घेत नाहीत. अम्मा आल्या म्हणतात. नयनाला आल्या होत्या ना दसऱ्यानंतर. तुम्ही तिच्या पाया पडून गेलात, मला वसुमती म्हणाली. मला वाटलं, केवढी श्रद्धा!"

"मला देवी टोचल्यात," हे आतून क्षीण आवाजात म्हणाले. "दाखला आहे माझ्याकडे."

"ती देवी वेगळी," हयवदनराव म्हणाले. "ही अम्मा. आणि तुम्ही बोलावलंत म्हणे तिला वर."

डॉक्टर त्रिविक्रम आले, लांबूनच बघितलं, आणि तीन आठवडे घराबाहेर पाऊल टाकायचं नाही म्हणाले. ह्यांच्या जागी दुसरा कोणी विद्याधर नावाचा मुलगा मुंबईची गाडी पकडून गेला. ज्याच्या अंगात एकही दुखणं नाही असा मुलगा. ह्यांना त्याचंच जास्त वाईट वाटलं. एवढा विमा वाया, म्हणाले.

मोठ्या माणसाला कांजिण्या फार जड जातात. ह्यांचे खरंच हाल झाले, आणि ते हाल मी पाहिले, रात्रंदिवस कडुलिंबाच्या पाल्याने वारा घातला. मला लहानपणीच येऊन गेल्या होत्या. राग होता, पण माणूस कण्हत असला की हात आपोआप पुढे होतो. लाज एवढीच वाटायची की तापातही ते बरळायचे ते दाढेबद्दल.

पाचव्या-सहाव्या दिवशी दुपारी मला कळ आली. नेहमीची नाही. कुणीतरी आत सुरी फिरवावी तशी आली आणि उतरेचना. अंग थंडीने उडायला लागलं. मी जमिनीवर पडून ह्यांना हाक मारली. लुगड्यांनी झाकलेल्या खोलीतून आवाज आला, "पुन्हा दुखतंय का गं?"

"मरते आहे मी."

मग ते म्हणाले, आणि तेही मायेने म्हणाले, हेच तर आहे, "जरा सोस. पुढची तुकडी सहा महिन्यांत आहे, साहेब म्हणालेत. एवढं सोसलंस, आता सहा महिन्यांसाठी इथे चिरून घेऊ नकोस."

त्यांचं बोलणं खाली ऐकू गेलं असावं, नाहीतर माझं कण्हणं. वसुमतीअक्का वर आल्या. माझे डोळे ओढून पाहिले. "पिवळे झालेत," म्हणाल्या. "चला."

"तिला तिकडे दाखवायचंय!" आतून आवाज आला.

"अण्णा, तुम्ही गप पडा. अम्मांचा कोप होईल." तो पहिला दिवस की ह्यांच्यासमोर त्यांचा आवाज चढला. ह्यांनी पुढे ब्र काढला नाही. अम्मांना आता ते फार मानायचे.

जटक्यात त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं. घोडा दुडक्या चालीने निघाला, प्रत्येक खड्ड्याला मी ओरडत होते, आणि त्या जटकेवाल्याला "स्वल्प हळू, स्वल्प हळू" म्हणत होत्या. सरकारी इस्पितळात पोचलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावला मात्र, मी किंचाळले. "किती दिवस दुखतंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "वर्ष झालं."

"आणि इतके दिवस काय करत होता?"

काय सांगायचं, भजी खात नव्हते?

त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. पित्ताची पिशवी खड्यांनी भरली होती, सडायला आली होती. आणखी एक-दोन दिवसांत फुटली असती, मग काही इलाज नव्हता, असं डॉक्टरीणबाई मी शुद्धीवर आल्यावर म्हणाल्या. काढलेले खडे त्यांनी औषधाच्या बाटलीत घालून मला दिले. हिरवट, चण्याएवढे. वसुमतीअक्का रोज गंजी, म्हणजे तांदळाची पेज, घेऊन येत. वर ह्यांनाही त्यांच्याच घरून गंजी जायची, ती नयना घेऊन जायची. "अण्णा, परत एकदा नमस्कार करा की," असं ती म्हणायची आणि हसून पळायची, हे तिनेच मला सांगितलं.

मी घरी आले तेव्हा ह्यांच्या खपल्या पडत होत्या. चेहरा उतरला होता. मला बघून डोळ्यांत पाणी आलं, हेही सांगायला हवं. हात धरून खुर्चीत बसवलं, स्वतःची उशी दिली. मी बाटली त्यांच्या हातात ठेवली. ती त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली, हलवली, खडे मोजायला लागले.

"तिकडे काढले असते तर एक पैसा लागला नसता," ते हळहळून म्हणाले.

"इथेही लागला नाही. सरकारी इस्पितळ आहे ते."

"काही नाही लागलं?"

"जटक्याचं भाडं लागलं. वसुमतीअक्कांनी दिलं."

ते विचारात पडले. बाटली खाली ठेवली. मग कपाळाला आठ्या घालून, खरोखरच काही न उमगून, म्हणाले, "मग इतके दिवस दाखवलं का नाहीस? वेडी आहेस का तू?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. थट्टा नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलची काळजी होती, स्वच्छ, शुद्ध मराठीतली.

"तुमचा विमा उतरायची वाट बघत होते," मी म्हटलं, आणि टाके ओढले जाईपर्यंत रडले. ते पाणी आणायला धावले. मी रडते आहे ते शस्त्रक्रियेमुळे, असं त्यांना वाटलं.

सहा महिन्यांनी पुढची तुकडी निघाली. ह्यांची पुन्हा तपासणी झाली, पुन्हा ते अर्धा तास लाकडी खुर्चीवर बसले, पुन्हा ठणठणीत ठरले. दाढ अजून होती. या खेपेला अंगावर काही उगवलं नाही. निघायच्या आधी महिनाभर त्यांनी खालच्या मजल्यावर कोण आलं, कोण गेलं याची चौकशीसुद्धा केली नाही. म्हैसूरहून खऱ्या कृष्णाबाई आल्या होत्या, त्यांना जिन्यात पाहून हे उलटे वर पळाले.

मुंबईच्या गाडीवर पोचवायला मी आणि वसुमतीअक्का गेलो. हे खिडकीत बसले, उशी नीट घेतली, आणि माझा हात हातात घेतला.

"सहा महिन्यांनी तुझं तिकीट पाठवतो," म्हणाले.

"कशाला?"

"म्हणजे काय? यायचं नाही तुला?"

"मला आता कुठे काही दुखत नाही," मी म्हटलं. "मग तिकडे येऊन करू काय?"

शिटी झाली. ह्यांनी माझ्या बोलण्याचा नीट विचार केला, अगदी मनापासून केला, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात सोडला आणि मान डोलावली.

"तेही खरंच," ते म्हणाले.